द्विदल पिकांच्या मुळांवरील गांठी व त्यांतील जिवाणु

हवेच्या पांच भागांपैकीं जवळजवळ चार भाग नत्रवायु असतो. बारकाईनें बोलावयाचें तर हें प्रमाण शेंकडा ७८ पडतें. एक एकर जमिनीच्या माथ्यावर जी हवा उभी आहे तिच्यांत तीस हजार टनांहून अधिक नत्र भरलेलें आहे. असें असून पिकास नत्र कमी पडतें आणि शेतकरी युरियाच्या पोत्यासाठीं दुकानापुढें तिष्ठत राहतो. ही विसंगति कां व्हावी, आणि ती दूर करण्याची जी सोय निसर्गानें द्विदल पिकांच्या मुळांशीं करून ठेविली आहे तिचा पुरता लाभ आपल्या पदरीं कां पडत नाहीं, याचा विचार प्रस्तुत लेखांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

विसंगतीचें कारण असें. हवेंतील नत्राचे अणु सुटे नसतात. दोन-दोन अणूंची जोडी असते व तिची मिठी इतकी घट्ट असते कीं, ती सोडविल्यावांचून वनस्पतीस त्या नत्राचा कांहींएक उपयोग होत नाहीं. जर्मनींत फ्रिट्झ हाबर या शास्त्रज्ञानें १९०९ सालीं ही मिठी सोडविण्याची युक्ति प्रयोगशाळेंत सिद्ध केली आणि १९१३ सालीं ओपाउ येथें तिचा कारखाना चालूं झाला. ४०० ते ५०० अंश उष्णता व हवेच्या सामान्य दाबाच्या सुमारें २०० पट दाब यांच्या बळानें नत्राचा हायड्रोजनशीं संयोग घडवून तेथें अमोनिया तयार होऊं लागला. आजचा युरिया याच अमोनियापासून होतो व त्यासाठीं बहुतेक ठिकाणीं नैसर्गिक वायु खर्चीं पडतो. उलट, हरभऱ्याच्या मुळावरील ज्वारीच्या दाण्याएवढी गांठ हेंच काम शेतांतील मातीच्या उष्णतेवर निमूटपणें करीत असते.

द्विदल पिकाचा बेवड चांगला, हें आमच्या वाडवडिलांस शास्त्रावांचून ठाऊक होतें. भुइमुगाच्या रानांत पुढील पीक जोमदार येतें हा अनुभव जुना आहे, आणि ज्वारींत तुरीच्या ओळी पाडण्याची चालही जुनी आहे. महसूल खात्यांत कारकुनी करीत असतां गांवोगांवच्या पीकपाण्याचीं दप्तरें आमच्या हाताखालून गेलीं. त्यांत निवळ एकाच तृणधान्यावर वर्षानुवर्षें राहणारा कोरडवाहू शेतकरी क्वचितच आढळे. मिश्र पिकाचा रकाना बहुधा भरलेला असे. कारण मात्र त्या रकान्यांत लिहिलेलें नसे.

तें कारण शोधण्यास शास्त्रज्ञांस पुष्कळ काळ लागला. फ्रान्समध्यें बूसँगो यानें १८३८ च्या सुमारास तोलून-मापून असें पाहिलें कीं, वाटाणा व क्लोव्हर यांसारख्या पिकांत, जमिनींतून येऊं शकेल त्याहून अधिक नत्र सांपडतें. गव्हांत तसें होत नाहीं. पुढें जर्मनींत हेलरीगेल व विल्फार्ट या दोघांनीं १८८६ ते १८८८ या काळांत याचा उलगडा केला. तापवून निर्जंतुक केलेल्या वाळूंत त्यांनीं वाटाणा लाविला. त्याच्या मुळांवर गांठी आल्या नाहींत आणि नत्रावांचून रोप उपाशी राहिलें. त्याच वाळूंत शेतांतील मातीचें थोडेंसें पाणी घालतांच गांठी धरल्या व रोप हिरवेंगार झालें. मातींतील कोणी सूक्ष्म जीवच हें कार्य करतो असें यावरून ठरलें. १८८८ सालीं हॉलंडांत बायेरिंक यानें तो जिवाणु गांठींतून वेगळा करून वाढवून दाखविला. त्यालाच आज रायझोबियम म्हणतात. १८९६ च्या सुमारास जर्मनींत नोबे व हिल्टनर यांनीं असे जिवाणु बाटलींत भरून विकण्याची सुरुवातही केली. आपल्या देशांत बिहारमधील पुसा येथें एन्. व्ही. जोशी यांनीं १९२० च्या सुमारास या जिवाणूंचा अभ्यास केला. सारांश, जिवाणूंचें खत हें काल-परवांचें खूळ नव्हे. त्यास सव्वाशें वर्षें होऊन गेलीं आहेत.

आतां या गांठींत घडतें काय तें पाहूं. मूळ व जिवाणु यांमधील व्यवहार हा निव्वळ देवघेवीचा व्यवहार आहे. नत्राची भूक लागलेलें मूळ मातींत कांहीं विशिष्ट द्रव्यें सोडतें. योग्य जातीच्या जिवाणूस तीं ओळखतां येतात व तो उलट आपलें द्रव्य सोडून उत्तर देतो. या उत्तररूपी द्रव्याची रचना फ्रेंच शास्त्रज्ञांनीं १९९० सालीं उकलली. खूण पटली म्हणजे मुळावरील केस वांकतो, जिवाणूंस आंत वाट मिळते आणि तेथें गांठ बांधली जाते. झाड जिवाणूंस साखर पुरवितें, व जिवाणु झाडास नत्र देतात. नत्राची मिठी सोडविणारें जें प्रथिन जिवाणूजवळ आहे त्यास नायट्रोजिनेज म्हणतात. त्यांत लोह व मॉलिब्डेनम या धातु असतात. प्राणवायूचा स्पर्श झाला तर तें बिघडतें. म्हणून प्राणवायूस धरून ठेवणारें, आपल्या रक्तांतील द्रव्यासारखेंच एक लाल द्रव्य गांठींत तयार होतें. जपानमधील कुबो या शास्त्रज्ञानें १९३९ सालीं त्याची ओळख पटविली. चालू गांठ कापली असतां आंतून गुलाबी किंवा लाल दिसते ती यामुळें.

या देवघेवींत झाडास साखरेचा मोठा खर्च सोसावा लागतो, ही गोष्ट शेतकऱ्यानें विसरूं नये. जमिनींत आयतें नत्र मिळत असेल तर कोणतें झाड हा खर्च करील? तें गांठी पोसण्याचें टाकून देतें. यास्तव सोयाबीनवर अगर हरभऱ्यावर भरमसाट युरिया टाकणें म्हणजे घरच्या नोकरास बसवून ठेवून बाहेरचा मजूर लावण्यासारखें आहे. पेरणीबरोबर शिफारशीपुरतें थोडें नत्र द्यावें, कारण गांठी चालूं होईतों रोपास आधार पाहिजे. त्यापुढें नत्राचा हात आंखडावा व स्फुरदाची उणीव मात्र राहूं देऊं नये. स्फुरदावांचून गांठींचें काम मंदावतें. जिवाणूंस आम्ल जमीनही मानवत नाहीं. तशा जमिनींत चुना घालण्याचा सल्ला देतात तो याचसाठीं.

येथें एका गैरसमजाचा हिशेब मांडणें अवश्य आहे. सोयाबीन जमिनींत नत्राची रास ठेवून जातें असें सरसकट बोललें जातें. सोयाबीनच्या दाण्यांत शेंकडा ४० च्या आसपास प्रथिन असतें व प्रथिनाचा सुमारें सहावा हिस्सा नत्र असतें. हेक्टरीं १० क्विंटल उत्पन्न धरलें तर दाण्यांवाटे ६४ किलो नत्र शेताबाहेर जातें. युरियांत नत्र शेंकडा ४६ असल्यामुळें ४५ किलोच्या गोणींत तें २०.७ किलो भरतें. म्हणजे तीन गोण्यांहून किंचित् अधिक नत्र बाजारांत गेलें. सोयाबीनच्या अंगांतील एकंदर नत्रापैकीं सरासरीनें निम्म्याहून थोडें अधिक हवेंतून येतें, बाकीचें जमिनीच्या खात्यांतून निघतें. आतां ज्यानें भुसकट विकलें किंवा जाळलें त्याच्या जमिनीच्या खात्यावर शिल्लक राहण्याऐवजीं बहुधा तूट पडते. ज्यानें पालापाचोळा व भुसकट रानांत जिरविलें, अगर जनावरांस घालून शेणखतरूपानें परत आणलें, त्यासच बेवडाचें पुण्य लाभतें. गांठी नीट धरल्या नाहींत तर तूट अधिकच वाढते. जमेची बाजू पाहून खर्चाची बाजू झांकणारा हिशेब तहसिलींत चालत नाहीं. तो शेतींतही चालूं नये.

मग बाजारांतील जिवाणूंचें पाकीट घ्यावें किंवा न घ्यावें? या प्रश्नावर आमच्या पाहण्यांत शेतकऱ्यांचे दोन तट आहेत. एक तट पाकिटास मंत्र समजतो व दुसरा थोतांड. आमच्या मतें दोन्ही चुकतात. पाकिटाचा गुण त्यांतील जिवाणु जिवंत व योग्य जातीचा आहे कीं नाहीं यावर सर्वस्वी अवलंबून आहे. हरभऱ्याचा जिवाणु सोयाबीनवर चालत नाहीं, व सोयाबीनचा हरभऱ्यावर चालत नाहीं. तूर, मूग, उडीद, चवळी, भुईमूग यांचें गोत्र बरेंचसें एक आहे व त्यांचे जिवाणु आपल्या मातींत बहुधा असतात. सोयाबीन हें परदेशांतून आलेलें पीक असल्यामुळें जेथें तें पूर्वीं घेतलें नाहीं तेथें त्याचा जिवाणु भेटण्याचा भरंवसा नसतो. अशा रानांत पाकिटाचा फायदा सर्वांत ठळक दिसतो.

१९८५ च्या खत नियंत्रण आदेशांत २००६ सालीं जिवाणुखतांचा समावेश झाला. त्यांतील मानकाप्रमाणें रायझोबियमच्या भुकटीच्या दर ग्रॅममध्यें निदान ५ कोटि व द्रवरूप खताच्या दर मिलिलिटरमध्यें निदान १० कोटि जिवंत जिवाणु असले पाहिजेत. २५० ग्रॅमचें असें एक पाकीट १० किलो सोयाबीनच्या बियाण्यास लाविलें, आणि हजार दाण्यांचें वजन १२५ ग्रॅम धरलें, तर दर दाण्यास सुमारें दीड लाख जिवाणु येतात. परंतु तेंच पाकीट उन्हाळाभर पत्र्याखालीं तापत पडलें असेल तर त्याचा वाटा कितीही चोख केला तरी शून्यास भागून शून्यच हातीं येणार. एका दुकानांत युरियाच्या थप्पीवर, कवडशाच्या झोतांत, जिवाणूंचीं पाकिटें ठेविलेलीं आम्हीं स्वतः पाहिलीं आहेत. दुकानदार उद्धट नव्हता, पण आपण सजीव वस्तु विकतों याची त्यास कल्पनाच नव्हती. घेणाऱ्यासही ती नसेल तर नुकसान कोणाचें होतें हें सांगणें नको.

म्हणून पाकीट घेतांना पिकाचें नांव व मुदतीची तारीख वाचावी, माल सावलींत ठेवणाऱ्या विक्रेत्याकडूनच घ्यावा व घरीं थंड जागीं ठेवावा. बियाण्यास बुरशीनाशक लावावयाचें असल्यास तें आधीं लावावें, कीटकनाशक त्यानंतर व जिवाणु सर्वांत शेवटीं. गुळाच्या थंड पाण्यांत भुकटी कालवून बियाण्यावर हलक्या हातानें चोळावी, बीं सावलींत सुकवावें व विलंब न लावतां पेरावें. रासायनिक खतांत तें मिसळूं नये.

ही काळजी व्यवस्थित घेतली तर काय साधतें याचें उदाहरण ब्राझील देशानें घालून दिलें आहे. झेकोस्लोव्हाकियांत जन्मलेल्या योहाना डबेराइनर या विदुषीनें त्या देशांत जिवाणुसंशोधनाचा पाया घातला व सोयाबीनच्या जाती निवडतांना नत्रखताऐवजीं जिवाणूंवर भिस्त ठेवावी असा आग्रह धरला. आज तेथील सोयाबीन बहुतांशीं नत्राच्या रासायनिक खतावांचून पिकतें. त्यांच्या मागून आलेल्या मारियांजेला हुंग्रिया यांनीं असें दाखविलें कीं, जमिनींत जुने जिवाणु असले तरी दरसाल नव्यानें जिवाणु लाविल्यास सोयाबीनचें उत्पन्न सरासरी शेंकडा ८ च्या मानानें वाढतें. २०२५ सालचा जागतिक अन्न पुरस्कार त्यांसच मिळाला. तेथील जमीन व पाऊसपाणी आपल्याहून निराळें आहे, म्हणून तोच आंकडा आपल्या रानास लागू पडेल असें आम्ही म्हणत नाहीं. जिवंत व चोख मालाची शिस्त मात्र कोणत्याही देशांत सारखीच उपयोगी पडणारी आहे.

अलीकडे याहूनही पुढचे शोध लागत आहेत. समुद्रांतील एका सूक्ष्म शैवालाच्या पेशींत राहणारा नत्रस्थापक जिवाणु, पाहुणा न राहतां त्या पेशीचा अवयवच बनला आहे, असें २०२४ सालीं शास्त्रज्ञांनीं प्रसिद्ध केलें. त्या अवयवास नायट्रोप्लास्ट असें नांव दिलें आहे. २०२५ सालीं डेन्मार्कमधील ऑरहूस विद्यापीठांतील संशोधकांनीं असें दाखविलें कीं, जिवाणूस शत्रु समजून हांकणें व मित्र समजून आंत घेणें, यांतील निवाडा मुळावरील ग्राहक प्रथिनाच्या दोनच घटकांवर फिरूं शकतो. गहूं व ज्वारी यांनीं आपलें नत्र आपण मिळवावें या दिशेनें हीं पावलें आहेत. परंतु असें बियाणें अद्याप कोणाच्याही शेतांत आलेलें नाहीं. त्याच्या नांवानें कोणी आज कांहीं विकावयास आला तर त्यास दारांतूनच रामराम करावा.

या विषयांत केवळ पैशाचाच प्रश्न नाहीं. पिकानें न घेतलेलें नत्र पाण्याबरोबर पाझरून विहिरींत नायट्रेटरूपानें उतरतें. पिण्याच्या पाण्यांत त्याची मर्यादा लिटरमागें ४५ मिलिग्रॅम ठरविलेली आहे. कांहीं भाग नायट्रस ऑक्साइड होऊन हवेंत जातो, व तो वायु पृथ्वी तापविण्याच्या कामीं कर्बवायूच्या सुमारें २७३ पट प्रबळ आहे. गांठींतील नत्र थेट झाडास मिळत असल्यामुळें तें असें वाहून जाण्यास वाव थोडा राहतो.

शेवटीं एक परीक्षा सांगतों. तिला पैसा लागत नाहीं. पेरणीच्या वेळीं रानाच्या मधोमध चार ओळी जिवाणु न लावतां पेराव्यात व खूण ठेवावी. बियाण्याचें टोपलें बदलण्यापूर्वीं हात धुवावे, नाहीं तर परीक्षा बिघडते. पीक फुलावर आलें म्हणजे दोन्हींकडील पांच-पांच झाडें, उपटून नव्हे तर खुरप्यानें मातीसह काढून, पाण्यांत धुवावीं व गांठी मोजाव्यात. नखानें सहज सुटते ती जिवाणूची गांठ. मूळच फुगून वेडेंवांकडें झालेलें असेल व गांठ सुटत नसेल तर तो सूत्रकृमीचा उपद्रव समजावा. गांठ कापून पाहावी. आंतून लाल असेल तर काम चालूं आहे. पांढरी, हिरवट किंवा करडी असेल तर ती निकामी किंवा जुनी आहे. जिवाणु लाविलेल्या व न लाविलेल्या ओळींत कांहींच अंतर न दिसलें, आणि दोहोंकडे लाल गांठी भरपूर असल्या, तर रानांत जिवाणु मुळांतच पुरेसे आहेत. दोहोंकडे त्या नसल्या तर पाकिटांतील माल मेलेला होता, अथवा जमिनींत आयतें नत्र अति आहे, अथवा दुसरी कांहीं अडचण आहे. तिचा शोध करावा.

आमच्या सभासद बंधूंनीं येत्या हंगामांत एवढें करून आपलें गांव, जमिनीचा प्रकार, पीक, पाकिटाची मुदत व दोन्हीं ओळींतील गांठींची संख्या संस्थेकडे लिहून पाठवावी. पन्नास शेतांचे आंकडे जमले तरी, आपल्या तालुक्यांत कोणत्या रानास जिवाणु लावणें किफायतीचें व कोणत्या रानास तो व्यर्थ खर्च, हें जाहिरातीवर न विसंबतां आपलें आपणांसच ठरवितां येईल.