दुमडलेल्या पट्टीवरची शिरोरेषा

बीड जिल्ह्यातला हरिनाम सप्ताहाचा कुठलाही फलक पाहा. वर विठ्ठल-रुक्मिणी, खाली तारीखवार कीर्तनकारांचे फोटो आणि मधोमध दोन्ही टोकं मागे दुमडलेली लाल किंवा भगवी पट्टी. गावाचं नाव त्या पट्टीवरच येतं. लग्नपत्रिकेवर हीच पट्टी असते, वाढदिवसाच्या फ्लेक्सवर असते, दुकानाच्या उद्‌घाटनालाही असते. पाहणाऱ्याला ती घडी घातलेल्या कागदाची वाटते, आणि तशी ती वाटावी यासाठी कुणीतरी संगणकासमोर बसून उजेड आणि सावलीचा हिशेब केलेला असतो. हा हिशेब इथली मुलं कशी शिकली, हे मागे वळून पाहण्यासारखं आहे. सॉफ्टवेअरच्या धड्यांतून त्यांना निम्मंच मिळालं. उरलेलं निम्मं देवनागरी अक्षरांनी शिकायला लावलं.

मोठ्या कापडावर लिहून सगळ्यांसमोर मांडायची कल्पना या जिल्ह्याला जुनीच. सोळाव्या-सतराव्या शतकात अंबाजोगाईच्या दासोपंतांनी पंचीकरणासारखा अवघड विषय एका लांबलचक पासोडीवर मांडला. ती पासोडी अंबाजोगाईने आजही जपली आहे. कापड, अक्षर आणि पाहणाऱ्याचा डोळा यांचा इतका बारीक विचार आपल्याच भागात झाला होता, हे फलक करणाऱ्या प्रत्येक पोराला ठाऊक असायला हवं असं मला वाटतं.

संगणक यायच्या आधी ही पट्टी पेंटर काढत. गावोगावचे पेंटर दुकानाच्या पाट्या, ट्रकच्या फळ्या, शाळेच्या भिंती आणि निवडणुकीचे कापडी फलक रंगवत. एकाच ब्रशवर एका कडेला गडद आणि दुसऱ्या कडेला फिका रंग घेऊन एका ओढीत वळण काढायचं, की पट्टीला गोलाई यायची. मागे गेलेला भाग गडद, पुढचा उजळ आणि दोहोंच्या मध्ये एक काळसर त्रिकोण. त्या काळी शिकायची सोयही होती. शासकीय रेखाकला परीक्षांत, म्हणजे एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटमध्ये, संकल्पचित्र आणि अक्षरलेखन असे. तालुक्याच्या शाळांतल्या चित्रकलेच्या शिक्षकांनी कितीतरी पोरांच्या हातून शिरोरेषेची जाडी मोजून घेतली. पुढे यातल्या फार थोड्यांच्या वाट्याला संगणक आला. ज्यांच्या वाट्याला संगणक आला त्यातल्या अनेकांनी ब्रश कधी हातात धरला नव्हता. ही तुटलेली साखळी पुढच्या गोष्टीत वारंवार आडवी येते.

फोटोशॉप पहिल्यांदा बाजारात आलं ते १९९० साली. थॉमस आणि जॉन नोल या भावांनी ते लिहिलं होतं. कोरलड्रॉ त्याच्याही वर्षभर आधीचं, १९८९चं. मराठवाड्यातल्या डीटीपीच्या दुकानांत मात्र आधी रुजलं ते पेजमेकर आणि त्याच्या जोडीला श्री-लिपीसारखे मराठी फॉन्ट. पत्रिका, पावतीपुस्तकं, हँडबिलं अशी ती कामं. तिथे पट्टी म्हणजे आयती मिळालेली काळीपांढरी आकृती, तिच्यावर टाईप केलेलं नाव आणि मग स्क्रीन प्रिंटिंग. घडीचा भास वगैरे कुणी मागत नव्हतं, आणि एका रंगात तो फारसा देताही येत नव्हता.

मागणी वाढली ती फ्लेक्समुळे. या शतकाच्या पहिल्या दशकात मोठ्या छपाईची यंत्रं आधी शहरांत आणि मग जिल्ह्याच्या ठिकाणी आली. कापड रंगवायला दोन दिवस लागत, तेच काम दोन तासांत हातात पडू लागलं, तेही पूर्ण रंगीत. डीटीपी करणाऱ्याला एकाएकी डिझायनर व्हावं लागलं. काम येई ते जिल्ह्याच्या ऋतुमानाने. ऊसतोडीला गेलेली कुटुंबं उन्हाळ्याच्या तोंडाशी गावी परतली की लग्नं आणि सप्ताह एकदम सुरू होत, दसऱ्याला मेळावे आणि मधल्या काळात जयंत्या, वाढदिवस. भारनियमन इतकं, की इन्व्हर्टरच्या जोरावर फाईल पुरी करायची आणि दर पाच मिनिटांनी सेव्ह करायची. एकाने शिकायचं आणि शेजारच्याने त्याच्या खांद्यावरून पाहायचं, अशी ती शाळा होती.

घडी शिकताना पहिला धडा सोपा होता. एक आडवा आयत म्हणजे पट्टीचा पुढचा भाग. त्याच्या मागे, थोडं खाली सरकवलेले दोन छोटे आयत म्हणजे शेपट्या, आणि त्यांच्या टोकांना काटलेली खाच. पुढचा भाग आणि शेपटी यांच्यातली उघडी जागा भरणारा छोटा त्रिकोण हीच खरी घडी. तो त्रिकोण काढला नाही तर तीन तुकडे नुसते एकमेकांवर ठेवल्यासारखे दिसतात. तो गडद रंगाने भरला की डोळा लगेच मानतो, की कागद इथे मागे वळला आहे. कोरलड्रॉमध्ये तयार बॅनर आकारही होते. बरेच जण तिथेच थांबले.

जे थांबले नाहीत त्यांना दुसरा धडा भेटला, सावलीचा. फोटोशॉपचा ड्रॉप शॅडो सगळीकडे सारख्याच अंतरावर सावली टाकतो. त्यामुळे पट्टी जमिनीपासून उचललेल्या पत्र्यासारखी सपाट तरंगते. खरा कागद तसा पडत नाही. घडीजवळ तो खाली टेकलेला असतो, तिथे सावली जवळजवळ नसते. मधे तो फुगतो, तिथे ती लांब आणि मऊ होते. म्हणून सावली वेगळ्या लेअरवर काढायची, मग वाकवायची. २००५च्या सीएस-टू आवृत्तीत वार्प आलं तेव्हा हे सोपं झालं. कोपऱ्यांची टोकं ओढून सावली हवी तशी फुगवता येऊ लागली. त्याआधी पेन टूलने सावलीचा आकार काढून गॉशियन ब्लर देणं हाच मार्ग होता.

रंगाचं दुखणं आणखी निराळं. भगव्या पट्टीवर काळी सावली टाकली की पडद्यावर बरी दिसते, फ्लेक्सवर मात्र मळकी उतरते. पट्टीच्याच रंगाचा गडद तपकिरी-लाल घेऊन मल्टिप्लाय मोडमध्ये लावला तर कागद जिवंत राहतो. हे बहुतेकांना पहिला मळका फ्लेक्स हातात आल्यावरच कळलं. पेंटरला हे ठाऊक होतं. तो केशरी रंगाची सावली काळ्याने कधीच करत नसे.

इथपर्यंतचं सगळं जगात कुठेही सारखंच. पुढे मात्र परदेशी धडे संपतात.

रोमन लिपीत पट्टीवर लिहिणं सोपं, कारण अक्षरं सुटी असतात. वक्र रेषेवर शब्द बसवला तर प्रत्येक अक्षर आपापल्या कोनात वळतं आणि मधल्या फटी कुणाला खटकत नाहीत. तोच प्रकार ‘स्वागत’ या शब्दावर केला की शिरोरेषा जागोजाग तडकते. अक्षरागणिक तिचे तुकडे होतात, एक वर, एक खाली. जुन्या फॉन्टमध्ये वेलांटी आणि मात्रा हे स्वतंत्र तुकडे असल्यामुळे वळणावर त्या आपल्या अक्षरापासूनही सरकत. उपाय इथल्या मुलांनी करत करत शोधला. मजकूर रेषेवर बसवायचाच नाही. आधी सरळ टाईप करायचा, कोरलड्रॉमध्ये कंट्रोल-क्यू दाबून त्याचे कर्व्ह करायचे, अक्षरं जोडून एकसंध आकार करायचा आणि मग एन्व्हलपने तो आख्खा आकार वाकवायचा. शिरोरेषा अखंड राहते आणि पट्टीबरोबर वळते. फोटोशॉपमध्ये २००० सालच्या सहाव्या आवृत्तीपासून वार्प टेक्स्ट होतं आणि तेही हेच काम करतं. पण मराठी फॉन्टला बहुधा एकच जाडी असल्यामुळे पोरं खोटा ठळकपणा लावत, आणि फो बोल्ड लावलेल्या मजकुराला फोटोशॉप वार्प करू देत नाही. कारण न कळल्यामुळे किती जणांनी हा मार्ग सोडून दिला असेल, याची हळहळ वाटते.

दुसरी अडचण उंचीची. इंग्रजी पट्टी मोठ्या लिपीतल्या अक्षरांच्या मापाने आखलेली असते, वर-खाली थोडी जागा सोडली की झालं. आपल्याकडे शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, ऋकार. ‘श्रीक्षेत्र नारायणगड’ लिहिताना वरची जागा लागते, ‘मुकुंदराज’ लिहिताना खालची. आयत्या पट्टीत हे बसवायला अक्षर लहान करावं लागतं आणि फलकावरचं सगळ्यात महत्त्वाचं नाव सगळ्यात बारीक होतं. पट्टीची उंची वाढवावी, तर घडीचा त्रिकोणही त्याच प्रमाणात बदलावा लागतो, नाहीतर शेपटी तुटल्यासारखी दिसते. म्हणजे मराठी पट्टी मुळातूनच नव्याने आखावी लागते.

आणि तिसरी, सगळ्यात सुंदर अडचण पंख्यासारख्या घड्यांच्या फलकाची. कागदाच्या उभ्या घड्या, एक पान उजेडाकडे, पुढचं सावलीकडे, असं आलटून पालटून. प्रत्येक पान एकदा वर, एकदा खाली तिरकं करायचं, एकाला फिका ग्रेडियंट, दुसऱ्याला गडद, आणि घडीच्या रेषेवर केसाएवढी उजळ रेघ नि तिला लागून काळसर रेघ. इंग्रजीत प्रत्येक पानावर एक अक्षर ठेवतात. मराठीत पानागणिक काय ठेवायचं? ‘स्वा’ हे एक अक्षर आहे; जुन्या फॉन्टच्या लेखी मात्र ते तीन तुकडे. तिथे यंत्राच्या नव्हे, कानाच्या हिशेबाने तोडावं लागतं: स्वा, ग, त. शिरोरेषा प्रत्येक घडीपाशी कागदाबरोबर कोन बदलते, पण तुटत नाही. माझ्या मते हेच योग्य. काही जण घडीपाशी फट ठेवतात. ते स्वच्छ दिसतं, पण शब्द वाचताना अडखळायला होतं. शिरोरेषा घडीवरून वळून पुढे गेली की कागद खरा वाटतो, कारण सावलीइतकीच तीही घडीची खूण सांगते. परदेशी डिझायनरला हे साधन मिळतच नाही.

२०१६च्या सप्टेंबरात जिओ आलं आणि खांद्यावरून पाहायची शाळा मोबाईलवर गेली. हिंदी-मराठी व्हिडिओ, तयार पीएसडी फाईली, मग पिक्सेललॅब आणि त्याच्या पीएलपी फाईली. संगणक नसलेली मुलंही केज, धारूर, पाटोद्यात बसून फोनवर बॅनर करू लागली, आणि याचं मोल मोठं आहे. पण तयार फाईलमध्ये नाव बदलायला शिकणं म्हणजे घडी शिकणं नव्हे. डावीकडून उजेड आलेली पट्टी आणि उजवीकडून उजेड आलेला फोटो एकाच फलकावर दिसतात, ते यामुळेच.

या वाटेवर उलट दिशेने चालत गेलेला माणूसही याच जिल्ह्याचा आहे. आष्टी तालुक्यातल्या सांगवी पाटणचे दादासाहेब भगत पुण्यात इन्फोसिसमध्ये ऑफिस बॉय होते. नोकरी सांभाळून ते ग्राफिक डिझाइन आणि अ‍ॅनिमेशन शिकले. तयार टेम्प्लेट वापरण्याऐवजी ती स्वतः बनवून विकायला लागले. टाळेबंदीत गावी परतल्यावर डोंगरावर, जिथे नेटवर्क नीट मिळेल तिथे, साध्या शेडमध्ये त्यांनी काम मांडलं आणि गावातल्या मुलांनाही शिकवलं. त्यातून डूग्राफिक्स उभं राहिलं. २०२४ साली शार्क टँक इंडियाच्या तिसऱ्या पर्वात अमन गुप्तांनी त्यांच्या कंपनीच्या १० टक्के हिश्श्यासाठी १ कोटी रुपये देऊ केले. बातम्यांत रकमेचीच चर्चा जास्त झाली. मला त्यातलं महत्त्वाचं वाटतं ते हे, की आष्टीच्या माळावरचा तरुण दुसऱ्याने आखलेल्या चौकटीत नाव भरत बसला नाही, त्याने चौकटच आखली.

फ्लेक्सचा काळ आता पहिल्यासारखा मोकळा नाही. १ जुलै २०२२पासून १०० मायक्रॉनपेक्षा पातळ पीव्हीसी बॅनरवर देशभर बंदी आहे. १३ मे २०२४ला घाटकोपरचं होर्डिंग कोसळून १७ जण गेले, तेव्हापासून मोठ्या फलकांवर नजरही कडक आहे. काम मोबाईलच्या पडद्याकडे सरकतं आहे, आणि पट्टी तिथेही आहेच: निमंत्रणात, स्टेटसमध्ये, व्हिडिओच्या पहिल्या चौकटीत.

म्हणून नव्याने शिकणाऱ्यांना एक विनंती. वहीचं पान फाडून त्याची पट्टी करा, तिच्यावर पेनाने गावाचं नाव लिहा, घडी घाला आणि खिडकीत ठेवून फोटो काढा. सावली कुठे आहे, कुठे नाही आणि शिरोरेषा कशी वळते ते त्यात दिसेल. मग संगणक उघडा. फोटोशॉप परवडत नसेल तर जिंप आणि इंकस्केप ही दोन्ही मोफत आहेत आणि युनिकोड मराठी नीट दाखवतात. आणि ज्यांना हे आधीच येतं त्यांनी देवनागरीच्या मापाने आखलेल्या, वेलांटीला आणि उकाराला जागा ठेवलेल्या दहा-बारा पट्ट्या तयार करून सगळ्यांसाठी खुल्या ठेवाव्यात. पुढच्या सप्ताहांच्या आधी हे काम झालं तर कितीतरी गावांची नावं फलकावर मोठी दिसतील.