मोरावळा, जॅम आणि जेली : मधुमेह असताना फरक किती?

"डॉक्टर, जॅम-जेली बंद केली. आता सकाळी फक्त एक मोरावळा खातो. तो औषधीच असतो ना?" सोलापुरात मधुमेहाचे अनेक रुग्ण असे विचारतात. उत्तर देण्याआधी हे पदार्थ कसे बनतात ते पाहू.

फरक काय?

मुरंब्यात फळ असते. कैरीच्या फोडी किंवा अख्खे आवळे साखरेच्या पाकात मुरवतात. मोरावळा म्हणजे आवळ्याचा मुरंबाच. जॅममध्ये फळाचा गर साखरेबरोबर आटवतात. जेलीसाठी फळ शिजवून फक्त रस गाळून घेतात. पेरूत पेक्टिन भरपूर असते; साखर आणि आंबटपणा यांच्या जोडीने ते रसाला घट्ट करते. आपल्याकडच्या डाळिंबाच्या रसात ते कमी असल्याने वेगळे घालावे लागते.

थोडक्यात, मुरंब्यात फळाचा चोथा राहतो, जेलीत जवळजवळ राहत नाही.

साखरेचे काय?

इथे मात्र फारसा फरक नाही. साखरेच्या दाट पाकामुळेच हे पदार्थ टिकतात. बाजारात मिळणाऱ्या नेहमीच्या मुरंबा, जॅम आणि जेलीत विरघळलेला घन भाग साधारण 65 टक्के किंवा जास्त असतो आणि तो बहुतेक साखरच असते. 20 ग्रॅमचा एक मोठा चमचा खाल्ला, तर सुमारे अडीच चहाचे चमचे साखर पोटात जाते. गुळांब्यातला गूळही रक्तातील साखर वाढवतोच.

लक्षात ठेवा

- मधुमेहात मोरावळा औषध म्हणून रोज खाऊ नका. ताजा आवळा चटणीत किंवा कोशिंबिरीत घ्या.
- साखर 70 च्या खाली गेली, घाम किंवा थरथर सुटली आणि रुग्ण शुद्धीवर असेल, तर लगेच 3 चहाचे चमचे साखर पाण्यातून द्या. साखर हाताशी नसेल, तर एक मोठा चमचा जेलीही चालते. 15 मिनिटांनी पुन्हा तपासा. बेशुद्ध रुग्णाच्या तोंडात काहीही घालू नका. त्वरित रुग्णालयात न्या.
- मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी असेल, तर आधी काही दिवस साल, बिया, चोथा टाळायला सांगतात. तेव्हा मुरंबा बंद ठेवा. जेली चालेल का, हे तपासणी करणाऱ्या डॉक्टरांना विचारा.

पुढच्या तपासणीला याल तेव्हा रिपोर्टबरोबर रोज काय गोड खाता तेही सांगा. मोरावळा, मध, च्यवनप्राश, सगळे त्यात धरा. गोळ्यांचा डोस ठरवताना ही माहिती उपयोगी पडते.