काचेवर हवेचा लेप

साध्या काचेवर सरळ पडलेल्या उजेडापैकी सुमारे ४ टक्के उजेड वरच्या पृष्ठभागावरूनच माघारी फिरतो. खिडकीच्या काचेबाबत कुणी त्याचा हिशेब ठेवत नाही. सौर पॅनेलला मात्र ही रोजची गळती असते. त्यावर धुळीची भर. गांधीनगरच्या आयआयटीतली पॅनेल काही आठवड्यांनी पुसली की वीज जवळजवळ दीडपट मिळते, असं तिथल्या आणि अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ मध्ये नोंदवलं. दुखणी दोन आहेत आणि पंचाईत अशी की एकाचं औषध दुसऱ्याला बाधतं.

आधी परावर्तनाचं पाहू. काचेचा अपवर्तनांक साधारण १.५२, हवेचा १. दोन्हींच्या मध्ये १.२३ अपवर्तनांकाचा, सुमारे १२० नॅनोमीटर जाडीचा थर दिला, तर त्याच्या वरून आणि खालून परतणाऱ्या लहरी एकमेकींना मारून टाकतात. पण इतक्या कमी अपवर्तनांकाचा टिकाऊ घन पदार्थ मिळत नाही. मग उरते हवा. सिलिकाचा अपवर्तनांक १.४६, त्यात निम्मी पोकळी ठेवली की काम भागतं. हवापाण्याने खराब होऊन असाच थर चढलेली जुनी काच नव्या काचेपेक्षा जास्त उजेड आत घेते, हे लॉर्ड रेली यांनी १८८६ मध्येच पाहिलं होतं.

ही पोकळी घडवण्याची रीत म्हणजे सोल-जेल. सिलिकॉनचं एक सेंद्रिय संयुग, अल्कोहोल, थोडं पाणी आणि किंचित आम्ल यांचं पातळ द्रावण करायचं. त्यात साबणासारख्या रेणूंचे सूक्ष्म गोळे तयार होतील असं रसायन मिसळायचं. काच त्यात बुडवून सेकंदाला काही मिलिमीटर या वेगाने वर ओढायची. अल्कोहोल उडून जाताना ओल्या कडेवर रंगांचे पट्टे वर सरकताना दिसतात. थर पातळ होत चालल्याची ती खूण. मग ४५० अंश सेल्सिअसच्या आसपास भाजलं की गोळे जळून जातात आणि त्यांच्या जागी काही नॅनोमीटरची भोकं राहतात. पॅनेलच्या कारखान्यात वेगळी भट्टीही लागत नाही. लेप रोलरने चढतो आणि काच कडक करण्यासाठी तापवतात तेव्हाच तो भाजून निघतो.

स्वच्छतेची बाजू टायटॅनियम डायऑक्साइडची. अकिरा फुजिशिमा आणि केनिची होंडा यांनी १९७२ मध्ये त्याची प्रकाशाखालची करामत जगापुढे आणली. अतिनील किरण पडले की तो तेलकट मळ जाळतो आणि पाण्याला इतका जवळ करतो की थेंब न राहता पाण्याची सलग चादर काचेवरून मळ घेऊन उतरते. पिल्किंग्टन कंपनीची अशी काच २००१ पासून बाजारात आहे. थर जेमतेम १५ नॅनोमीटरचा, पण या पदार्थाचा अपवर्तनांक २.५ च्या घरात. म्हणजे काच स्वच्छ राहते आणि जास्त चमकते. खिडकीला चालेल, पॅनेलला नाही.

उलटा मार्ग अळवाच्या पानाचा: पाणी टिकूच द्यायचं नाही. त्याचं कौतुक फार होतं. मला ते अंमळ जास्तच वाटतं. पानावरचं खडबडीत मेण झिजलं तर पान ते पुन्हा उगवतं. काचेला ती सोय नाही.

दोन्ही मार्ग असे अडले, म्हणून थरावर नक्षी उठवण्याचा विचार पुढे आला. भाजण्याआधी काही काळ सोल-जेलचा थर मऊ असतो. तेवढ्यात त्यावर सिलिकॉन रबराचा ठसा दाबायचा. ठशातून बाष्प बाहेर जातं, थर घट्ट होतो, ठसा उचलला की मागे शेकडो नॅनोमीटर अंतरावरच्या खांबांची रांग उरते. भाजताना थर आक्रसतो, पण तळाशी काचेला चिकटलेला असल्याने फक्त उंचीत; खांबांमधलं अंतर तसंच राहतं. हे अंतर प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा कमी ठेवलं तर प्रकाशाला खांब आणि हवा वेगळे जाणवत नाहीत, दोन्हींची सरासरीच भेटते. पतंगाच्या डोळ्यावर अशीच उंचवट्यांची रचना असते, म्हणून तो चमकत नाही. टायटॅनियम डायऑक्साइडचेच असे खांब उभारले, तर त्याचा चढा अपवर्तनांक हवेमुळे खाली येतो आणि मळ जाळायला पृष्ठभागही वाढतो. शिवाय सगळं असेंद्रिय, त्यामुळे उन्हाने पिवळं पडण्याची धास्ती नाही.

आपल्याकडे हैदराबादच्या एआरसीआय या सरकारी संस्थेत सोल-जेल लेपांचं स्वतंत्र केंद्र आहे. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात ए. वेंकटेश्वर राव यांच्या गटाने पाणी झिडकारणाऱ्या सिलिका थरांवर काम केलं.

घोडं अडतं ते झिजण्यावर. रात्रीच्या दवाने धूळ भिजते, सकाळी वाळून घट्ट बसते, मग ती खरवडायला ब्रश येतो. धूळ बहुतेक खनिज असल्याने टायटॅनियम डायऑक्साइड तिला जाळू शकत नाही. पाऊस नसेल तर ब्रशला पर्याय उरत नाही. खांब जितके उंच आणि सडपातळ, तितका उजेड जास्त आत आणि तितकेच ते ब्रशखाली लवकर मोडतात. म्हणून आज पॅनेलवर सर्रास दिसतो तो बिननक्षीचा सच्छिद्र सिलिकाच. ठसा मारलेली काच कारखान्याच्या रोलरइतक्या वेगाने निघायची, तर ठसा स्वतःच रोलरवर गुंडाळावा लागेल, आणि मऊ थर घट्ट व्हायला लागणारा वेळही त्याच वेगात बसवावा लागेल.