मूल किती खेळणार, हे घर ठरवते

चाकण-भोसरीच्या कारखान्यातून तिसरी पाळी करून आलेले वडील सकाळी झोपतात. दोन खोल्यांच्या घरात मग ‘आवाज करू नका’ हा पहिला नियम होतो आणि मुलांना शांत बसवण्याचा सोपा उपाय म्हणजे मोबाइल. निगडी, यमुनानगरच्या कामगार घरांना हे चित्र नवे नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटे दम लागेल अशी हालचाल करावी. त्यात आठवड्यातून किमान तीन दिवस स्नायू व हाडे बळकट करणारे व्यायाम असावेत. प्रत्यक्षात ११ ते १७ वयोगटातील ८१ टक्के मुले यात कमी पडतात, असे १४६ देशांतील माहितीवरून २०१९ मध्ये ‘लॅन्सेट’ समूहाच्या नियतकालिकाने दाखवले. भारतात हे प्रमाण सुमारे ७४ टक्के आहे.

भारतीय मुली इतर बहुतेक देशांतील मुलींपेक्षा थोड्या पुढे दिसल्या. त्यामागे घरकाम असावे, असे संशोधकांना वाटते. म्हणजे मुलगी हलते, पण खेळत नाही. केर-भांड्यांतून उड्या मारण्याचा, धावण्याचा फायदा मिळत नाही. हाडे घडण्याची वर्षे मात्र हीच असतात.

घराचा प्रभाव तीन वाटांनी पडतो. झोपायच्या खोलीत टीव्ही असेल, तर पडद्यासमोरचा वेळ वाढतो. चेंडू, दोरी हाताशी असेल, तर खेळ आपोआप सुरू होतो. तिसरी वाट म्हणजे मोठी माणसे: पालक स्वतः चालत-फिरत असतील, मुलांना मैदानावर नेत असतील, तर मुलेही अधिक हालचाल करतात. घराबाहेर घालवलेला वेळ हा सर्वांत मोठा आधार.

निगडीत जागेची वानवा नाही. १९७२ मध्ये स्थापन झालेल्या प्राधिकरणाने आखलेल्या पेठा आहेत, मदनलाल धिंग्रा मैदान आहे, दुर्गाटेकडी आहे. पण मधला वाहता रस्ता लहान मूल एकटे ओलांडू शकत नाही. कोणीतरी सोबत जावे लागते.

पालकांनी पाळीनुसार वेळ ठरवावी. पहिली पाळी असेल, तर संध्याकाळी वडिलांनी न्यावे; दुसरी असेल, तर आई किंवा आजी-आजोबांनी. शेजारच्या चार घरांनी आळीपाळीने मुले नेली, तर कोणा एकावर भार पडत नाही. तिसऱ्या पाळीच्या आठवड्यात सकाळी जिन्याखाली, पार्किंगच्या मोकळ्या कोपऱ्यात दोरीच्या उड्या, लंगडी चालते. साठ मिनिटे सलग नसली तरी बिघडत नाही. घरकाम मुलगा-मुलगी दोघांत वाटले, तर मुलीलाही खेळायला वेळ उरतो.