रोहितची रोहिणी

रोहित आणि रोहिणी ही एकाच नावाची दोन रूपं आहेत, हे सांगितलं की बऱ्याच जणांना आधी खरं वाटत नाही. संस्कृतात रोहित म्हणजे तांबडा. अशा रंगवाचक शब्दांचं स्त्रीलिंग कसं करावं, यासाठी पाणिनीने खास सूत्र दिलंय. ‘त’ जातो, त्याच्या जागी ‘न’ येतो, पुढे ‘ई’ लागते. हरितची हरिणी होते, तशीच रोहितची रोहिणी. वेदांत तांबड्या गाईलाही रोहिणीच म्हटलंय.

नावांची पुस्तकं मात्र ‘एक नक्षत्र’ एवढं लिहून मोकळी होतात! ते नक्षत्र लाल दिसतं म्हणून रोहिणी, हे सांगायचं राहूनच जातं. हा तारा आपल्यापासून सुमारे ६५ प्रकाशवर्षं दूर आहे, म्हणजे महाराष्ट्र राज्य जन्माला आलं त्या सुमारास तिथून निघालेला उजेड आपण आज पाहतो. सूर्याच्या चाळीसपटींहून जास्त व्यासाचा हा तारा म्हातारपणी फुगला आणि वरून थंडावला. तांबूस रंग त्या थंडाव्याचा.

पुराणात दक्षाने आपल्या सत्तावीस मुली चंद्राला दिल्या. चंद्र मात्र रोहिणीपाशीच रमला. बाकीच्यांनी गाऱ्हाणं नेलं, दक्षाने शाप दिला आणि चंद्र झिजू लागला. आता आकाशात बघा. चंद्राच्या वाटेला थोडा कल आहे. तो फिरत फिरत साधारण साडेअठरा वर्षांनी अशा ठिकाणी येतो, की काही वर्षं जवळपास दर महिन्याला पृथ्वीवरून कुठून ना कुठून चंद्र रोहिणीला झाकताना दिसतो. खगोलवाले याला पिधान म्हणतात. २०१५ ते २०१८ हा असाच काळ होता. मघा, चित्रा, ज्येष्ठा यांच्या मुख्य ताऱ्यांनाही चंद्र झाकतो, त्यामुळे केवळ पिधानावरून ही कथा सुचली असेल असं मला वाटत नाही. पण या चौघींत सर्वांत तेजस्वी रोहिणीच, आणि चंद्राची निवड तेवढ्यावरूनही पटते.

आपल्या शेतकऱ्याची रोहिणी वेगळीच. साधारण २५ मेला सूर्य रोहिणीत जातो आणि कोकणात धूळवाफेची भातपेरणी सुरू होते. गंमत अशी की त्या दिवसांत हा तारा सूर्याच्या झगमगाटात लपलेला असतो, दिसतच नाही.

भारताने स्वतःच्या रॉकेटने कक्षेत सोडलेल्या पहिल्या उपग्रहाचं नावही रोहिणीच. १८ जुलै १९८० रोजी श्रीहरिकोट्याहून उडालेल्या या उपग्रहाचं वजन अवघं ३५ किलो होतं.

तुमच्या ओळखीत एखादी रोहिणी असेल, तर पौषातल्या रात्री नऊच्या सुमारास तिला गच्चीवर न्या. मृगाच्या पोटातल्या बाणाच्या तीन ताऱ्यांची रेघ वायव्येकडे वाढवत डोक्यावर आणा. जो तांबूस तारा लागेल, तो तिचा. चंद्र त्याला झाकताना बघायचा असेल, तर मात्र थांबावं लागेल: पिधानांची पुढची मालिका २०३३ मध्ये सुरू होईल.