हळदीकुंकवाचे शेजारी

लोणावळ्याच्या तलावांवर बारमाही राहणाऱ्या एका बदकाला मराठीत ‘हळदीकुंकू’ म्हणतात. अंग तपकिरी, खवल्याखवल्यांचे, दुरून अगदी सामान्य. परंतु काळ्या चोचीचे टोक हळदीत बुडवल्यासारखे पिवळे आणि चोचीच्या मुळाशी, दोहो बाजूंना, कुंकवाचे दोन ठिपके. हे नाव प्रथम कोणा गृहिणीलाच सुचले असावे, असे वाटते. त्याच्या सोबतीला हाक मारताच बुडी मारणारी टिबुकली, कपाळी पांढरा टिळा लावलेला काळाभोर वारकरी, वाळक्या खुंटावर पंख पसरून उन्हे घेणारा पाणकावळा आणि हिवाळ्यात हिमालयापलीकडून पुणे जिल्ह्यातील जलाशयांवर उतरणारे केशरी चक्रवाक. मावळातल्या पाणकाठच्या वस्तीत ज्यांचे घर आहे, त्यांचे खरे शेजारी हे.

ही तळी मात्र निसर्गाने दिलेली नाहीत. भुशीचे पाणी रेल्वेने वाफेच्या इंजिनांसाठी अडवले. लोणावळा, वळवण आणि शिरवता येथील जलाशय टाटांच्या जलविद्युत योजनेतून उभे राहिले. तेथील पाणी घाटाखाली खोपोलीला नेऊन १९१५ मध्ये वीजनिर्मिती सुरू झाली. पवनेचे धरण त्यानंतर सुमारे अर्ध्या शतकाने आले. माणसाने आपल्या गरजेसाठी पाणी साठवले आणि पाखरांनी त्यावर न विचारता संसार थाटला. विजेची आणि नळाची गरज जशी वाढेल तशी पाण्याची कड मागे सरकते, पावसाळ्यात पुन्हा पुढे येते. या सरकत्या कडेवर जो चिखल, जे पाणगवत आणि ज्या लव्हाळ्या असतात, तेथेच बदके चरतात. लगतच्या उंच गवतात त्यांची घरटी असतात. आपण त्याच पट्ट्याला ‘रिकामी जागा’ म्हणतो.

सुट्टीच्या दिवशी या काठावर एक दृश्य हमखास दिसते. गाडी थांबते, पावाची लादी उघडते, मुलांच्या हाती तुकडे दिले जातात आणि आईवडील कौतुकाने म्हणतात, ‘घाल हो, पुण्य लागते.’ भावना निर्मळ आहे, यात शंका नाही. परंतु हळदीकुंकू बदक मुख्यतः शाकाहारी. गवताच्या बिया, पाणवनस्पती, भाताच्या लोंब्या हा त्याचा आहार. पावाने पोट भरते, पोषण होत नाही. वाढत्या पिल्लांना असे पिठूळ अन्न सतत मिळाले, तर पंखाचे टोक बाहेरच्या बाजूस वळण्याच्या विकृतीशी त्याचा संबंध जोडला जातो. असा पंख उडू शकत नाही. उरलेला पाव पाण्यात कुजतो, त्यावर जंतू माजतात, पाण्यातला प्राणवायू घटतो. काठावर उंदीर येतात आणि त्यांच्यामागून भटकी कुत्री.

आपल्या घरांतून पाहिले तर यात एक विलक्षण विसंगती आहे. आंबवलेला, शिळा पाव अनेक घरांत आजही अभक्ष्य मानतात. रसचलित झालेल्या अन्नात असंख्य जीवांची उत्पत्ती होते, म्हणून तो ताटात येत नाही. मग तोच पाव तळ्यात टाकून कुजवल्याने जीवदया कशी साधते? बाजारातून पांढरी बदके विकत आणून ‘सोडवणे’ हाही असाच प्रकार. पिढ्यान्‌पिढ्या खुराड्यात वाढलेले ते जड पाखरू ना धड उडते, ना कुत्र्याला चुकवते. जगलेच तर रानबदकांशी त्याचा संकर होण्याचा संभव असतो. राजमाची पॉइंटवरच्या माकडांना चिक्की आणि वेफर देणाऱ्यांविषयी वेगळे काय लिहावे? पिशव्या हिसकावणारी माकडे त्या दातृत्वानेच घडवली आहेत.

आपल्या परंपरेत दानाचे प्रकार सांगताना आहारदानाबरोबर अभयदान सांगितले आहे, आणि वन्य जीवाच्या बाबतीत ते अधिक मोलाचे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. पाणी गाळून झाल्यावर गाळण्यावर राहिलेली जिवाणी आपल्या आज्या कोठेही फेकत नसत. ज्या विहिरीचे पाणी, त्याच विहिरीत ती अलगद सोडायची, दुसऱ्या पाण्यात नाही. जीव वाचवायचा तर त्याचे स्थानही वाचवावे लागते, ही जाण त्या लहानशा कृतीत होती. मावळातीलच पाले येथे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा ब्राह्मी लेख आहे. आरंभी अर्हंतांना नमन असल्यामुळे अभ्यासकांनी तो जैन लेख मानला. इंद्ररक्षित नावाच्या भदंताने लेणे आणि पोढी, म्हणजे पाण्याचे टाके, करविल्याची त्यात नोंद आहे. निवाऱ्याइतकेच पाणी महत्त्वाचे, हे त्या डोंगरात राहणाऱ्यांना कोणी सांगावे लागले नसावे.

चातुर्मासाचे उदाहरण तर याहून जवळचे. पावसाळ्यात भूमी जीवांनी भरून जाते, पावलागणिक हिंसा घडू शकते, म्हणून साधू-साध्वी विहार थांबवून एके ठिकाणी राहतात. मावळात हळदीकुंकू बदकाचा विणीचा मुख्य काळ नेमका हाच. आषाढ-भाद्रपदाच्या सुमारास मादी पाण्याजवळच्या गवतात जमिनीवर घरटे करते, सात-आठ किंवा त्याहून अधिक अंडी घालते आणि साडेतीन आठवडे त्यांवर बसते. त्याच दिवसांत लोणावळ्याच्या वाटा पर्यटकांनी फुलतात, तंबूंतले ध्वनिक्षेपक पवनेच्या काठावर मध्यरात्रीपर्यंत घुमतात आणि बंगल्यांचे माळी ‘साप येतील’ म्हणून काठापर्यंतचे गवत छाटतात. साप येतोच; पण पाण्याकडेला दिसतो तो बहुधा दिवड, आणि दिवड बिनविषारी असते. गवतात पाय घालण्यापूर्वी काठी आपटावी, साप दिसल्यास वनविभागाला किंवा जाणत्या सर्पमित्राला बोलवावे, एवढे पुरे.

बंगल्यांच्या मालकांना काही गोष्टी सहज करता येतील. पाण्यालगतचे आठ-दहा हात गवत कार्तिकापर्यंत राखावे. पाळीव कुत्रा काठावर मोकळा सोडू नये. तळ्याच्या बाजूचे प्रखर दिवे रात्री मालवावेत. त्याने मृगापूर्वीचे काजवेही परत दिसू लागतात. पतंगाचा तुटका मांजा झाडावरून उतरवून घ्यावा. रानबदकांची शिकार आणि अंडी काढणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, हे रखवालदारालाही ठाऊक असू द्यावे.

आणि कुंपण. बदकाची पिल्ले अंड्यातून निघाल्यावर घरट्यात थांबत नाहीत. एक-दोन दिवसांत आईमागे चालत पाण्याकडे निघतात. त्यांना अजून उडता येत नाही. वाटेत दगडी भिंत आली, तर आई पलीकडे जाऊ शकते, पिल्ले जाऊ शकत नाहीत. ती भिंतीच्या कडेने फेऱ्या घालत राहतात आणि कावळे, घारी, मुंगूस ते पाहत असतात. भिंतीच्या तळाशी दर पंधरा-वीस हातांवर वीतभर उंचीची आणि तेवढ्याच रुंदीची भोके ठेवली, तर पावसाचे पाणीही त्यांतून निघून जाते आणि पिल्लेही. ज्येष्ठात गवंड्याला सांगितले तर अर्ध्या दिवसाचे काम आहे.