वस्तादांचा शब्द किती मानावा?

'वस्ताद' हा शब्द आपण घरीदारी फार सैलपणे वापरतो. आईची नजर चुकवून चिरंजीवांनी डब्यातले दोन लाडू जास्त लांबविले, की ते लगेच 'मोठे वस्ताद' ठरतात! पण कोल्हापूरच्या तालमीत या शब्दाचे वजन निराळे. फारसीतला 'उस्ताद' मराठीत आला आणि तांबड्या मातीत उतरून 'वस्ताद' झाला. 'तालीम' या शब्दाचाही मूळ अरबी अर्थ नुसता 'शिक्षण' असाच आहे. म्हणजे तालीम ही शाळा आणि वस्ताद तिथले गुरुजी. या गुरुजींच्या मतावर किती विसंबावे, असा प्रश्न तालमीत कोणी विचारीत नाही. म्हणून तो इथे विचारावासा वाटतो.

शाहूवाडी तालुका हा कोल्हापूर जिल्ह्याचा पश्चिमेकडचा डोंगराळ मुलूख. कोल्हापूर–रत्नागिरी रस्ता इथूनच आंबा घाटाकडे चढतो; विशाळगड याच तालुक्यात. पाऊस उदंड, शेत मात्र बेताचे. गावच्या यात्रेत एखाद्या पोराने दोन-तीन कुस्त्या मारल्या, हलगीच्या कडकडाटात कोणी त्याच्या डोक्याला फेटा बांधला, की बापाच्या डोळ्यांपुढे कोल्हापूर उभे राहते. मग एके दिवशी बाप-लेक एस. टी. ने तालमीच्या दारात.

"वस्ताद, पोरगं तुमच्या पदरात घातलंय. ह्याचं काय हुतंय का बघा."

वस्ताद पोराच्या मानेवर हात ठेवतात, खांदा दाबून पाहतात, दोन बैठका मारायला लावतात आणि म्हणतात, "हाड चांगलं हाय. ऱ्हाऊ द्या हितं."

एवढ्याशा वाक्यावर एका घराची पुढची सहा-सात वर्षे ठरून जातात. दूध, तूप, बदाम, थंडाई यांच्यापायी गोठ्यातली म्हैस जाते, कधी शेताचा तुकडा जातो, आणि पोराची शाळा मागे पडते ती पडतेच. शहरवासी वाचकांनी याला हसू नये. गाण्याचे बुवा, क्रिकेटचे प्रशिक्षक आणि शिकवणीचे सर यांच्यापुढे आपणही असेच हात जोडून उभे असतो.

आधी वस्तादांच्या बाजूचे बोलू. पहाटे हौद्याच्या काठावर बसून जो माणूस तीस-चाळीस वर्षे रोज पोरांचे जोर, बैठका आणि लढती पाहतो, त्याच्या डोळ्याला आपल्याला न दिसणारे बरेच दिसते. दमल्यावर कोणाचा पाय जड पडतो, एकेरी पट काढताना कोणाची मान आधी खाली जाते, कोण खडाखडीतच घाबरतो, हे तो एका नजरेत सांगतो. आणि त्याचे हे ज्ञान रोज तपासले जाते. सकाळी सांगितलेली दुरुस्ती चुकली, तर संध्याकाळी पठ्ठ्याच पाठीवर पडून ते दाखवून देतो. ज्या मताचा पडताळा असा हातोहात मिळतो, ते मत वर्षानुवर्षे घासून लख्ख होत जाते.

या शिकवणीचे मोल परक्या मैदानावरही दिसले आहे. शाहूवाडीच्या उत्तरेला वारणा ओलांडली की शिराळा तालुका लागतो. तिथल्या पुनवतचे गणपतराव आंदळकर कोल्हापूरच्या मोतीबाग तालमीत घडले. १९६० साली ते हिंदकेसरी झाले आणि १९६२ च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत त्यांनी ग्रीको-रोमन कुस्तीत सुवर्णपदक मिळविले. या प्रकारात कमरेखाली धरायचेच नाही! मातीत कसलेले अंग तिथेही कामाला आले.

मुष्टियुद्धाच्या रिंगणातही असेच वस्ताद असतात. १९७५ साली मनिला येथे महंमद अली आणि जो फ्रेझियर यांची गाजलेली लढत झाली. चौदाव्या फेरीअखेर फ्रेझियरचे डोळे सुजून मिटत आले होते, तरी तो पुढे लढायला तयार होता. त्याचे चौसष्ट वर्षांचे प्रशिक्षक एडी फच यांनी त्याला पंधराव्या फेरीसाठी उठूच दिले नाही. विजेतेपद गेले, पण माणूस वाचला. समोरच्या देहाविषयी जाणत्याने दिलेला असा निकाल निमूटपणे मानावा.

पण हाच जाणता समोरचा देह सोडून उद्याविषयी बोलू लागला, की सावध व्हावे. याचा धडा कोल्हापुरातच आहे. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव राजाराम कॉलेजात शिकत होते. उंची जेमतेम साडेपाच फूट, अंगकाठी किरकोळ. कॉलेजच्या वार्षिक स्पर्धेत उतरायला तिथल्या क्रीडाशिक्षकांनी त्यांना नकार दिला, म्हणून ते थेट प्राचार्यांकडे गेले आणि परवानगी मिळवून आपल्याहून दांडग्या गड्यांना त्यांनी लोळविले, असे सांगतात. १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये ते सहावे आले. १९५२ साली हेलसिंकीला जाण्यासाठी पैसे नव्हते, तेव्हा बॅ. खर्डेकरांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले, ही हकीकत कोल्हापूर अजून सांगते. तिथे खाशाबांनी कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक! ज्याचे काम अंगे पारखण्याचे, त्याने नाही म्हटले. आणि एका बॅरिस्टराने घर पणाला लावले.

ते क्रीडाशिक्षक अडाणी होते काय? मुळीच नाही. त्यांची नजर धिप्पाड पैलवानांवर तयार झाली होती. वजनी गटांच्या खेळात चपळ, ठेंगणा गडी काय करू शकतो, हे त्या नजरेच्या हिशेबातच नव्हते. मुष्टियुद्धातही तेच घडले. तरुण अली, म्हणजे तेव्हाचा कॅशियस क्ले, हात खाली ठेवून लढे आणि ठोसा आला की डोके सरळ मागे घेई. हे शास्त्राला सोडून आहे, एक दिवस आडवा होईल, असे जुने जाणते म्हणत. १९६४ साली सातव्या फेरीला खुर्चीवरून उठला नाही तो त्याचा प्रतिस्पर्धी, सॉनी लिस्टन. क्लेचे प्रशिक्षक अँजेलो डंडी यांचे शहाणपण हे, की त्यांनी ती ढब मोडायचा हट्ट धरला नाही.

खेळाचे नियम बदलले की अनुभवाचे नाणेही बदलते. मातीतली निकाली कुस्ती चीतपट होईतो चालायची. तिथे दम आणि सबुरी मोठी. आज गादीवर तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या आणि प्रत्येक पकडीला गुण. जुन्या सबुरीचे इथे काय करायचे, हे नव्याने शिकावे लागते. मुलींनी कुस्तीत पडू नये, हेही अनुभवी माणसांचेच मत होते. २०१६ साली रिओ ऑलिंपिकमधून साक्षी मलिक कांस्यपदक घेऊन आली, तेव्हा ते मत चीतपट झाले.

औषधपाण्याचा प्रांत तर वेगळाच. ठोसे खाऊन खाऊन बरळणाऱ्या, झोकांड्या खाणाऱ्या मुष्टियोद्ध्याला रिंगणातली मंडळी फार पूर्वीपासून ओळखत होती. त्यासाठी त्यांच्या बोलीत शब्दही होता. पण हा मेंदूचा विकार आहे, असे वैद्यकीय नियतकालिकात मांडले ते १९२८ साली अमेरिकेतल्या डॉ. मार्टलंड यांनी. जाणत्यांना लक्षण दिसले होते. त्यांनी ते धंद्याचा भाग म्हणून सोडून दिले. म्हणून डोक्याला मार लागला, सांधा निखळला, वजन उतरवायला पाणी तोडायचे ठरले, तर तिथे वस्तादांचा नव्हे, डॉक्टरांचा शब्द अखेरचा.

आणखी एक गोष्ट. कोणत्याही जुन्या तालमीच्या भिंतीकडे पाहा. फेटे बांधलेल्या, गदा खांद्यावर घेतलेल्या पैलवानांच्या तसबिरी ओळीने लागलेल्या असतात. 'हाड चांगलं हाय' हे त्यांच्याविषयी खरे ठरले. पण तेच ऐकून राहिलेले आणि खांदा मोडून किंवा पैसा संपून गावी परतलेले, त्यांची तसबीर कोण लावणार? वस्ताद खोटे बोलत नाहीत. त्यांची आठवणही त्या भिंतीसारखीच असते, इतकेच. त्यातून तालमीची आब आणि शेजारच्या तालमीशी असलेली ईर्षा यांचाही थोडा रंग मतावर चढतो.

तेव्हा आईबापांनी वस्तादांकडे जरूर जावे, पायही धरावेत. मात्र प्रश्न नीट निवडून विचारावा. 'हा हिंदकेसरी होईल का?' हे ज्योतिषाला विचारण्यासारखे आहे. 'याचे आज कुठे चुकते? तीन महिन्यांत काय सुधारले पाहिजे? ते सुधारले नाही तर तुम्ही मला सांगाल ना?' असे विचारावे. कारणासह उत्तर देणारा आणि तीन महिन्यांनी आपणहून 'पोराला घेऊन जा, शाळेत घाला' असे सांगायला न कचरणारा वस्ताद भेटला, तर त्याच्या हाती मूल निर्धास्तपणे सोपवावे. शाळेची फी मात्र भरत राहावी.